तुम्ही विचारलंत म्हणून: गड उतरल्यावर मांड्या का भरतात?

पुण्यात फिजिओथेरपी करायची म्हणजे मंगळवारचा एक प्रश्न ठरलेला. "रविवारी सिंहगड केला. चढताना धाप लागली, पण पाय ठणठणीत होते. काल सकाळीही बरं होतं. आज मात्र जिना उतरताना कठडा धरावा लागतोय. असं कसं?" आणि उत्तरही लगेच स्वतःच: "लॅक्टिक ॲसिड साठलं असणार, ना?"

नाही. लॅक्टेट, म्हणजे शरीरात लॅक्टिक ॲसिड ज्या रूपात असतं ते, व्यायाम थांबल्यावर तासा-दोन तासांत रक्तातून निघून जातं. ते मंगळवारपर्यंत कुठलं टिकायला! शिवाय ते जास्त तयार होतं चढताना, आणि तुमचं दुखणं आहे उतरल्याचं.

स्नायूला एकच काम येतं, ओढायचं. ढकलणं त्याच्या गावीच नाही. त्याच्या प्रत्येक तंतूत मायोसिन आणि ॲक्टिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत शिरलेले असतात. मज्जातंतूतून हुकूम आला की आत कॅल्शियम सुटतं आणि मायोसिनची टोकं ॲक्टिनला पकडतात, खेचतात, सोडतात, पुन्हा पकडतात. रस्सीखेचीतले हातच म्हणा ना. धागे स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. हे 1954 साली दोन संशोधक जोड्यांनी 'नेचर'च्या एकाच अंकात मांडलं. गंमत म्हणजे दोन्ही जोड्यांत हक्सली आडनावाचा एकेक जण, आणि त्या दोघांचं नातं काहीच नाही!

आता उतरणं. जिन्यावर उभे राहून एक पाय सावकाश खालच्या पायरीवर न्या आणि वरच्या पायाच्या मांडीवर हात ठेवा. स्नायू घट्ट लागेल. म्हणजे तो ओढतोय, पण गुडघा वाकत असल्यामुळे लांबही होतोय. समोरचा संघ भारी पडलाय, तरी दोर सोडायचा नाही, अशी त्याची गत. शरीर या कामाला तंतूही कमीच जुंपतं, त्यामुळे एकेकावर ताण जास्त. ऑक्सिजन कमी लागतो, धाप लागत नाही, आणि माणूस गप्पा मारत पायथ्याच्या आतकरवाडीला पोचतो. फसगत होते ती इथेच. तंतूंना आतून बारीक इजा होते, मग डागडुजीसाठी सूज येते, नसा हळव्या होतात. या सगळ्याला वेळ लागतो. म्हणून दुखणं 24 ते 72 तासांत टिपेला जातं.

लिंबूपाण्याने ते जात नाही. मालिशने बरं वाटत असेल तर जरूर करा. अंथरुणात पडून राहण्यापेक्षा सपाटीवर थोडं चाला. चार-पाच दिवसांत बहुतेकांचे पाय मोकळे होतात.

पुढच्या वेळची तयारी मात्र बहुतेक जण उलटी करतात. ट्रेडमिलला चढ लावून घाम गाळतात. त्याने दम वाढतो, मांड्या उताराला तयार होत नाहीत. मी सांगते, सोसायटीत लिफ्टने वर जा आणि जिन्याने उतरा. लोक हसतात. पण एकदा थोडं उतरून दुखलं की स्नायू स्वतःला सावरून घेतो आणि पुढचे काही आठवडे तोच उतार तितका छळत नाही. दर रविवारी गडावर जाणारे मंगळवारी माझ्याकडे येत नाहीत, ते त्यामुळेच.

एका बाबतीत मात्र थांबू नका. मांड्या टणक सुजल्या, पायात जोर राहिला नाही किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर स्नायू वाजवीपेक्षा जास्त फुटलेत आणि मूत्रपिंडाला धोका आहे. तेव्हा माझ्याकडे न येता सरळ हॉस्पिटल गाठा.