पाचव्या दिवसाचे पाणी

वसाहतीचा पहिला टप्पा पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसाला पाच दिवस उलटले होते आणि मी दुसऱ्या टप्प्याचे नकाशे घेऊन, खरे सांगायचे तर थोड्या ऐटीतच, जागेवर गेलो होतो. उताराच्या तळाशी असलेल्या पाणथळीसाठी मी आखलेल्या, पावसाचे पाणी थोपवून हळूहळू सोडणाऱ्या साठवण तळ्याने आपले काम चोख बजावले होते. मूळच्या माळावरून ऐन पावसात सेकंदाला जितके पाणी वाहून जाई, त्याहून अधिक पाणी तळ्याच्या मोरीतून बाहेर पडलेच नव्हते.

पाणथळीच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या सहकारी बाईंनी मला काठावर रोवलेल्या पातळीपट्टीपाशी नेले. बांधकामापूर्वी एवढ्याच पावसानंतर पाणी दोन दिवसांत मूळ पातळीला आल्याचे त्यांच्या वहीत लिहिलेले होते. या वेळी पाचव्या दिवशीही ते 14 सेंटीमीटर वर होते. उथळ पाण्यातले लव्हाळे शेंड्यापर्यंत बुडाले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "तुमचे तळे पाणी थोपवून धरते, पण शेवटी येते ते सगळे इथेच."

मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. छपरे आणि रस्ते मिळून 4 हेक्टर, पाऊस 40 मिलिमीटर, म्हणजे 1,600 घनमीटर, सोळा लाख लिटर पाणी. पूर्वी यातले बरेचसे मातीत मुरे; आता जवळजवळ सगळे गटारात उतरत होते आणि मोरी लहान ठेवल्यामुळे दिवसचे दिवस पाणथळीत झिरपत राहत होते. पावसाचे पाणी सोडण्याच्या नियमाने कमाल प्रवाह, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त किती पाणी बाहेर पडते, एवढेच विचारले होते, मी तेवढेच मोजले. एकूण पाणी किती आणि ते किती दिवस साचणार, हे ना नियमाने विचारले, ना मी. त्यातच मोरी एकाच ठिकाणी सोडल्यामुळे तिथे गुडघाभर खोल घळ पडली होती आणि तिचा गाळ लव्हाळ्यात पसरला होता.

दुसऱ्या टप्प्याचे नकाशे मी त्याच संध्याकाळी पुन्हा मांडले. छपरांचे पाणी तुलनेने स्वच्छ, म्हणून ते इमारतींलगतच्या पाझर चरांत, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या चरांत. रस्त्यांवरचे, विशेषतः सुरुवातीचे पाणी तेल आणि टायरची झीज घेऊन येते, म्हणून ते वाळूमिश्रित मातीच्या, झाडोरा लावलेल्या वाफ्यांतून गाळून पुढे. आणि तळ्याची मोरी एका लांब, समपातळीतल्या उंबऱ्यावर, म्हणजे पाणी धारेने न पडता पसरून जाईल. पाझर चाचणीत सर्वांत चांगली मुरणारी जमीन नेमकी मी सर्वांत मोठी इमारत बसवली होती तिथे निघाली, तेव्हा इमारतच सरकवावी लागली. ती जागा पहिल्याच दिवशी कुंपण घालून बंद केली, कारण जड यंत्रे फिरून माती दबली की तिची मुरवण्याची ताकद जाते.

विकासकांनी विचारले, "पाणी नियमानुसारच सोडतो आहोत ना?" मी होकार दिला आणि पातळीच्या नोंदींची वही त्यांच्यापुढे ठेवली. इमारत हलवायला ते तयार झाले. वाहनतळाच्या सच्छिद्र, पाणी खाली मुरू देणाऱ्या फरसबंदीवर मात्र तीन बैठका गेल्या.

पहिल्या टप्प्यातल्या छपरांच्या पन्हळी अजून पावसाळी गटारालाच जोडलेल्या आहेत. त्या सोडवून पाझर चरांकडे वळवण्याचे काम एकेका इमारतीने पुढे सरकते आहे.