मापात पाप

गेल्या पावसाळ्यात केकच्या निमित्ताने आमच्या स्वयंपाकघरात एक छोटा डिजिटल वजनकाटा आला आणि दिसेल ती वस्तू तोलून पाहण्याचा मला नाद लागला. मिठाची एक किलोची पुडी ठेवली, तेव्हा काट्याने १,००६ ग्रॅम दाखवले. "सहा ग्रॅम पिशवीचे," असे आईने मान वर न करता सांगितले आणि तिच्यापुरता विषय संपला. माझा मात्र संपेना. पिशवीचे सहा समजले. पण उरलेल्या हजार ग्रॅममध्ये भार नेमका कोणाचा?

मिठात सोडिअमच्या प्रत्येक अणूमागे क्लोरीनचा एक अणू असतो. सोडिअमपाशी ११ प्रोटॉन, १२ न्यूट्रॉन आणि ११ इलेक्ट्रॉन. क्लोरीनपाशी १७ प्रोटॉन, १७ इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन कधी १८, तर कधी २०. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वजनाला जवळजवळ सारखे, न्यूट्रॉन किंचित जड; इलेक्ट्रॉनचे वजन मात्र प्रोटॉनच्या सुमारे १,८३६व्या भागाइतकेच. कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा किलोभर मिठातल्या यच्चयावत इलेक्ट्रॉनांचे वजन पाव ग्रॅमच्या आसपास भरले. सोनाराच्या जुन्या मापात सांगायचे तर दोन गुंजा, आणि आईच्या मापात चिमूटभर. बाकी सारा भार अणुकेंद्रांचा.

आणि तरीही ज्यासाठी आपण मीठ विकत आणतो, ते सगळे त्या चिमटीचे कर्तृत्व आहे. खड्याचा चौकोनी घाट, त्याचे पाण्यात विरघळणे, जिभेवरचा खारटपणा, यांपैकी कशातही अणुकेंद्र स्वतः होऊन पुढे येत नाही. सोडिअम पाण्यात टाकला तर पेट घेतो आणि क्लोरीन हा विषारी वायू. पण पहिल्याचा एक इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे गेला, की दोघेही निमूटपणे आमटीत उतरतात. किलोभर मिठात असे या घरातून त्या घरात गेलेले इलेक्ट्रॉन एकत्र केले, तर त्यांचे वजन जेमतेम ९ मिलिग्रॅम होईल.

न्यूट्रॉनांची तऱ्हा याच्या उलट. शाळेत क्लोरीनचे अणुवजन ३५.५ असे पाठ केले होते आणि हा अर्धा कण कुठून आला, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नव्हते. हाच प्रश्न मोठमोठ्यांना छळून गेला आहे, हे पुढे कळले तेव्हा बरे वाटले. सगळ्या अणूंची वजने हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावीत, अशी कल्पना विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८१५ साली मांडली आणि क्लोरीनने त्या दुधात मिठाचा खडा टाकला. तो निघायला शंभर वर्षे लागली. केंब्रिजमध्ये फ्रान्सिस अ‍ॅस्टनने १९१९ साली अणूंना त्यांच्या वजनाप्रमाणे वेगळे करणारे यंत्र उभारले, तेव्हा क्लोरीन ३५ आणि ३७ अशा दोन वजनांचा असतो, साधारण तीन हलक्यांमागे एक जड, हे दिसले. साडेपस्तीस ही नुसती सरासरी होती. हा फरक दोन न्यूट्रॉनांचा, हे सांगायला १९३२ साली न्यूट्रॉन सापडावा लागला. आपल्या मिठात हे दोन्ही क्लोरीन सरमिसळ असतात आणि जिभेला त्याचा पत्ता नसतो, कारण इलेक्ट्रॉन दोघांचेही सतराच.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. पण मी बेरीज करून पाहिली. प्रोटॉन सुमारे ४८३ ग्रॅम, न्यूट्रॉन ५२६ आणि इलेक्ट्रॉनांचा पाव ग्रॅम, म्हणजे एकूण हजार नऊ. सुटे तोलले तर हजार नऊ आणि बांधून आले ते हजार! मापात हे पाप वाण्याचे नव्हते. मोठ्या ताऱ्यांच्या पोटात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांना घट्ट चिकटून ही अणुकेंद्रे घडली, तेव्हाच तेवढे वस्तुमान ऊर्जा होऊन निघून गेले. नऊ ग्रॅम म्हणजे विजेच्या बिलाच्या भाषेत सुमारे २२ कोटी युनिट. आईला हे सांगितले, तर तिने फक्त पुडीचे तोंड नीट बांधायला बजावले.

ते मी विसरलो. चार दिवसांच्या संततधारेनंतर तीच पुडी काट्यावर ठेवली, तर आकडा १,०११ झाला होता. हवेतला ओलावा मिठाने ओढून घेतला होता आणि ही ओढही त्या चिमूटभर इलेक्ट्रॉनांचीच. आईने मीठ बरणीत ओतले, वरून तांदळाचे चार दाणे टाकले आणि काटा उचलून फडताळात ठेवून दिला.