थंडीतला सिंहगड

आज पहाटे खडकवासल्याला पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि ग्लोव्ह्जमधली बोटंही ब्रेकवर नीट वळत नव्हती. आमच्या एमटीबी (माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटांच्या सायकली) शर्यती मातीतल्या, दगडधोंड्यांतल्या. तरी थंडीत आम्ही जास्त करून डांबरावरच असतो. ट्रेलवर लय सतत तुटते: वळण, खडक, ब्रेक, पुन्हा जोर. रस्त्यावर मात्र दोन-तीन तास एकाच लयीत, गप्पा मारता येतील इतपत जोर लावून पॅडल मारता येतं. दमाचा पाया तिथेच पक्का होतो.

डोणज्यापर्यंत आळीपाळीने पुढे राहून वारा अंगावर घेतला. मागच्याला केवढा आराम मिळतो! घाट लागला की ही मदत जवळजवळ संपते, मग ज्याचे त्याचे पाय. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच, आणि चढ अंगावर येणारा. आमच्यातला सगळ्यात वेगवान मित्र वर पोचून पुन्हा खाली आला आणि मागे राहिलेल्या मैत्रिणीबरोबर दुसऱ्यांदा चढला. असा माणूस गटात असणं मला पदकाहून मोठं वाटतं.

वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. उतारावर घाम गार पडतो, म्हणून विंडचीटर चढवूनच निघालो.

पुढच्या रविवारी बोपदेव घाट. कोण कोण येतंय?