अकरा सेकंद

आषाढातला शनिवार होता. बुकिंग सकाळी दहाचं, बँड आला साडेअकराला. त्यात नवीन काही नाही. हिंजवडीत नोकऱ्या करणारी पाच पोरं. शनिवार-रविवारी वाजवतात आणि पगारातून पैसे बाजूला टाकून वर्षाला एक-दोन गाणी स्वतःची करतात. कुठली कंपनी पाठीशी नाही, निर्माता नाही. तासाचे ८०० रुपये देताना कधी घासाघीस करत नाहीत, पण गाताना नजर घड्याळावर असते. ती घाई गाण्यात ऐकू येते, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

आमचा स्टुडिओ पुण्यात, पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या तळघरात आहे. येणारा प्रत्येक जण भिंतीला हात लावून विचारतो, "हे अंड्याच्या ट्रेसारखं काय आहे? याने आवाज थांबतो ना?" नाही थांबत. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, तोही वरच्या पट्टीतला. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं. जाड भिंत, दोन दारं आणि मध्ये हवा. एवढं सगळं करूनही आषाढ-श्रावणात नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी साडेसहानंतर आमच्या माइकमध्ये ढोलाचा ठोका येतोच. ताशा येत नाही, फक्त ढोल. खालच्या पट्टीचा आवाज भिंतीला विचारत नाही. म्हणून त्या दीड-दोन महिन्यांत मी संध्याकाळी आवाजाचं काम घेत नाही, आणि म्हणूनच दीड तास उशिरा येणाऱ्यांवर माझा जीव जळतो.

त्यात पहिली चाळीस मिनिटं माझ्याच चुकीने गेली. गिटारवाल्याने घरून कच्चा ट्रॅक करून आणला होता, ४८ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं असलेला. माझं सेशन ४४.१ वर. सॉफ्टवेअरने विचारलं, बदलून घेऊ का? घाईत मी 'नको' दाबलं. गाणारी मुलगी काळी चारला गाते. दोनदा सुरुवात केली, थांबली, आणि बिचारी म्हणाली, "दादा, आज माझा आवाज बसलाय का हो?" आवाज कसला बसतोय! ४८ ची फाइल ४४.१ ने वाजवली की सूर पेटीवरच्या जवळजवळ दीड पट्टीने उतरतो. काळी चार जाऊन पांढरी पाच आणि काळी तीन यांच्या बरोबर मध्ये लटकते, जिथे पेटीवर पट्टीच नाही. लयही मिनिटाला ९६ ठोक्यांची ८८ होते. तिला आवाज बसल्यासारखं वाटणारच. ती चाळीस मिनिटं मी बिलात धरली नाहीत, पण चूक कोणाची तेही मोघमच सांगितलं. "फाइलचा प्रॉब्लेम होता," एवढंच.

काका आले बाराच्या सुमाराला, बार्शीकडून पहाटेच्या एसटीने. पिढीजात गोंधळी. गळ्यात कवड्यांची माळ, हातात धोतराच्या फडक्यात बांधलेला संबळ. बँडच्या ड्रमरने त्यांना कुठल्याशा जत्रेत ऐकलं होतं आणि नंबर घेऊन ठेवला होता. पोरांना गाण्याच्या शेवटी संबळ हवा होता. हल्ली बऱ्याच बँडना हवा असतो. बहुतेकांना तो सॅम्पलमधूनच, म्हणजे आधी कुणीतरी रेकॉर्ड करून ठेवलेल्या तुकड्यातूनच चालतो. ही पोरं माणूस घेऊन आली, याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात मार्क दिले.

पावसाळ्यात चामडं उतरतं. गोंधळात दिवटी पेटलेली असते, तिच्यावर धरून शेकता येतं. तळघरात आग पेटवली तर सोसायटी मला बाहेर काढेल. मी कपाटात हेअर ड्रायर ठेवतो, खास यासाठी. काकांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि हसले. "बायकांचं हाय की ह्ये." पण दहा मिनिटांत चामडं असं चढलं की काठी पडताच माझ्या मीटरने लाल दाखवलं.

संबळ माइकमध्ये घेणं सोपं नाही. दोन नग, एक ढाल्या आवाजाचा, एक तडतडीत, आणि तडतडीत नगाचा फटका इतका टोकदार की बारीकसारीकही टिपणारा कंडेन्सर माइक जवळ नेला तर आवाज फाटतो. लांब नेला तर मोठ्या नगावर वाकडी काठी घासताना येणारं ते गुरगुरणं हरवतं, आणि खरा संबळ तर त्या गुरगुरण्यातच असतो. मी लहान नगावर एसएम ५७ लावला, जोराचा फटका सोसणारा डायनॅमिक माइक, वीतभर अंतरावरून, तिरपा. मोठ्या नगाखाली दुसरा डायनॅमिक. आणि समोर, काकांच्या छातीच्या उंचीवर, दोन मीटरवर एक कंडेन्सर, खोलीचा श्वास घ्यायला. या तिसऱ्या माइकचा मला फार अभिमान आहे. शाळकरी पोरासारखा अभिमान. पुढचं सगळं त्याच माइकमुळे झालं.

टेक सुरू झाला की एसी बंद करावा लागतो, नाहीतर त्याची घरघर येते. वीस मिनिटांत खोलीची भट्टी होते. त्या भट्टीत काकांच्या कानावर हेडफोन चढवून आम्ही क्लिक लावला. टिक-टिक-टिक-टिक, ९६. माणूस पार गोंधळला. ज्याने रात्र रात्र गोंधळ उभा केला, तो चार आवर्तनं नीट वाजवू शकेना. दर वेळी टिकच्या जरा पुढे जायचा, लक्षात आलं की थबकायचा. ड्रमर काचेपलीकडून मला म्हणाला, "यांचा टायमिंग सेन्स जरा कच्चा आहे, नाही का? ग्रिडवर ओढून घेऊ, ठोके रेघांवर बसवू." मी त्याला काही बोललो नाही. गोंधळाची लय चढत जाते, ती चढली नाही तर अंगात येणार काय? पण हे त्याला सांगायला मला दहा मिनिटं लागली असती आणि त्याला पटलं नसतं. हुशार पोरगा आहे, पण त्याचं सगळं शिक्षण पडद्यावर रेघा बघून झालंय.

मी दोन गोष्टी केल्या. बीप काढून क्लिकच्या जागी झांजेचा आवाज टाकला. काकांचा चेहरा बदलला. "आता कोनीतरी संगं हाय," म्हणाले. मग तेही काढलं. सांगितलं, तुम्ही तुमच्या लयीत वाजवा, हे तुमच्या मागे येतील. काकांनी सलग चार मिनिटं वाजवलं. सुरुवात ९६ ला, शेवट १०५ ला, आणि मधला चढ इतका सरळ की उतरंड रचल्यासारखा. नंतर मी दोन तास बसून त्यांच्या प्रत्येक आवर्तनावर खूण करत लयीचा नकाशा बनवला, म्हणजे बाकीचे त्याच्यावर वाजवू शकतील. पोरांना ते दोन तास जड गेले. १६०० रुपये. ड्रमर तोंड पाडून बसला, मग त्या नकाशावर वाजवायला बसला आणि तिसऱ्या टेकला घामाघूम होऊन बाहेर येत म्हणाला, "असं कधी वाजवलंच नव्हतं." मला तेवढं पुरे.

आता त्या अकरा सेकंदांच्या तुकड्याचं.

मी दोन टेकच्या मधल्या वेळात रेकॉर्डिंग बंद करत नाही. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते टेपवर काम केलेले. दोन इंची टेपचं एक रीळ सेकंदाला पंधरा इंचांच्या वेगाने जेमतेम तेहतीस मिनिटं चालायचं आणि महाग असायचं, म्हणून टेक संपला की बटण बंद. कलाकार मध्ये काय बोलला, काय गुणगुणला, ते हवेत विरून जायचं. ते हळहळायचे, म्हणायचे, सगळ्यात चांगलं गाणं नेहमी दोन टेकच्या मध्ये होतं. मला तर हार्ड डिस्क. एका माइकचा एक तास म्हणजे पाचशे एमबीही नाही. मी सकाळी लाल बटण दाबतो ते जेवायच्या सुट्टीलाच उचलतो. याचा मला अभिमान होता. पाहुण्यांना सांगायचो.

आठवड्याने रात्री एकटा मिक्स करत बसलो होतो. काकांचे ट्रॅक चाळताना टेकनंतरच्या भागात तो सापडला. हेडफोन काढलेले, संबळ मांडीशी तसाच, आणि काका स्वतःशीच, अगदी हलक्या आवाजात, देवीला हाक घालत होते. गोंधळाच्या सुरुवातीला घालतात तशी, एकेका ठिकाणाच्या देवाला बोलावणं. अर्धा शब्द गळ्यातच राहिलेला. मध्येच बोटांनी चामड्यावर नुसता स्पर्श. जवळच्या माइकांत जवळजवळ काही नाही, पण खोलीच्या माइकमध्ये सगळं आलं होतं, तळघराची ओल आल्यासारखं. अकरा सेकंद. माझ्या अंगावर काटा आला. तिथेच कट मारला, गाण्याच्या तोंडाला लावला, गिटार जराशी मागे ढकलली आणि रात्री दीडला पोरांना पाठवला.

सकाळी सहा व्हॉइस नोट. गाणारी मुलगी रडली होती. गिटारवाला म्हणाला, हेच गाणं आहे, बाकी आपण उगाच वाजवतोय. ड्रमरने लिहिलं, "दादा, जीनियस." मी तो मेसेज दोनदा वाचला, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी, तुकड्याची शेपटी जरा हळू विरवायची म्हणून मी मूळ फाइल उघडली आणि पहिल्यांदा कटच्या पुढचं ऐकलं. दार उघडल्याचा आवाज. कपबशी टेबलावर ठेवल्याचा आवाज. बँडमधल्या एका पोराचं "काका" असं काहीतरी. आणि मग काकांचा आवाज, स्पष्ट:

"ह्ये नगा घिऊ."

मी ते किती वेळा ऐकलं, मोजलं नाही. इक्वलायझरने दाराची करकर कापली, आवाज वर आणला, वेग कमी केला. जे काम मी गाण्यासाठी करतो ते या तीन शब्दांवर केलं. काय घेऊ नका? चहा आला होता. काकांना साखर आहे, आल्या आल्याच म्हणाले होते, पण तेव्हा ते "मला नको" म्हणतील, "घेऊ नका" का म्हणतील? बँडचा एक पोरगा दिवसभर फोनवर व्हिडिओ घेत फिरत होता, रीलसाठी. त्याला म्हणाले असतील. किंवा त्याने कौतुकाने संबळाला हात घातला असेल. किंवा खोलीतल्या त्या तिसऱ्या माइककडे बघून म्हणाले असतील, जो मी त्यांच्या छातीसमोर उभा केला होता आणि ज्याच्याबद्दल त्यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं. काचेच्या या बाजूने मला त्यांचं सगळं ऐकू येतं. मी टॉकबॅकचं बटण दाबल्याशिवाय त्यांना माझं काही ऐकू जात नाही. त्या क्षणी मी काय करत होतो, आठवत नाही. बहुतेक वडापाव खात होतो.

पोरांना विचारलं. ज्याच्याकडे फोन होता त्याला काही आठवेना. त्याच्या व्हिडिओत तो क्षण नाही. गिटारवाला म्हणाला, "दादा, त्यांना आपण ३,००० दिले ना, वर एसटीचं भाडं. क्रेडिटमध्ये नावही टाकतोय." टाकतोय हे खरं आहे, आणि हे करणारे बँड मी फार पाहिलेले नाहीत. पण सही कसलीच नव्हती. वादकाचा स्वतःच्या वाजवण्यावर हक्क असतो हे १९९४ पासून कायद्यात आहे, २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचंही आलं. मला हे तोंडपाठ आहे. माझ्या टेबलाच्या खणात संमतीपत्राचा नमुनाही पडून आहे. पाकिटात रोख घालून हात जोडायचे, एवढंच सगळे करतात. मीही वर्षानुवर्षं तेच बघत आलो. आणि समजा सही असती, तरी ती चार मिनिटांच्या संबळाची असती. या अकरा सेकंदांची कशी असेल?

शेवटी फोन केला. काका एसटीत होते, तुळजापूरच्या रस्त्याला. इंजिनाच्या आवाजात मी ओरडून सांगितलं, असा असा तुकडा आहे, तुम्ही टेकनंतर म्हणालात तो, गाण्यात लावलाय, चालेल का? त्यांना नीट कळेना. म्हटलं ऐकवतो. स्पीकरला फोन लावला आणि तो वाजवला. पलीकडे जरा वेळ नुसती गाडी.

"उतारल्याला हाय," ते म्हणाले. "पाऊस हुता न्हवं त्या दिशी."

मी म्हणालो, नाही काका, सुंदर आहे.

"कुनाच्या घरचं म्हनलोय ह्ये?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. गोंधळ कुणाच्या तरी घरी घालतात, त्या घरासाठी देव बोलावतात. मी म्हणालो, कुणाच्या घरचं नाही, स्टुडिओत, चहाच्या वेळी.

"बरं," म्हणाले. मग कंडक्टरशी काहीतरी सुट्ट्या पैशांचं बोलणं झालं आणि फोन कट झाला. परत लावला तर रेंज नाही. "ह्ये नगा घिऊ" बद्दल विचारायचं राहिलंच. खरं सांगायचं तर फोनवर ते तीन शब्द माझ्या जिभेवर होते आणि मी आधी तुकडा वाजवला.

पोरांना गाणं घटस्थापनेला बाहेर काढायचंय. म्हणजे फाइल या आठवड्यात वर चढवायला हवी. तुकडा काढून एक मिक्स करून बघितला. सरळ गिटारने सुरुवात. ऐकवला तेव्हा ड्रमर सोडून सगळे गप्प बसले. ड्रमर म्हणाला, "हाही चालेल." तो असं म्हणेल, याची मला अपेक्षा नव्हती.

सध्या डेस्कटॉपवर दोन फाइल आहेत. 'फायनल_काकांसह' आणि 'फायनल_काकांशिवाय'. काकांना दोनदा फोन करून झाला, नवरात्र तोंडावर, उचलत नाहीत. आज सकाळी एक नवा बँड आला होता, चौघं. त्यांचा बासरीवाला टेकनंतर काहीतरी वाजवत बसला होता, सहज, डोळे मिटून. माझा हात लाल बटणापर्यंत गेला. बंद केलं, परत चालू केलं, मग टॉकबॅक दाबून त्याला सांगितलं, "चालू आहे बरं का." तो दचकला आणि थांबला.