तुम्ही विचारलंत म्हणून : शेकडो सर्व्हरवर ओएस टाकायला कोणते टूल घ्यावे?

नवे सर्व्हर येणार असे ठरले, की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो: "मशीन खूप आहेत, एकेकावर हाताने ओएस (ऑपरेटिंग सिस्टम) टाकत बसणे शक्य नाही, तर कॉबलर घ्यावे, फोरमन घ्यावे की मास?" विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवे असते आणि मी उलट दोन प्रश्न विचारले, की मी टाळाटाळ करतो आहे असे त्याला वाटते. ते प्रश्न असे: तुमच्या नेटवर्कवरचा डीएचसीपी, म्हणजे मशीनना आयपी पत्ते वाटणारी सेवा, कोणाच्या ताब्यात आहे, आणि कोणते मशीन कशासाठी आहे याची खरी यादी आज कुठे आहे? टूलची निवड बरीचशी या दोन उत्तरांतच दडलेली असते, कारण ओएस टाकण्याचे प्रत्यक्ष काम यांतली बहुतेक टूल स्वतः करतच नाहीत.

ते काम वितरणाचा, म्हणजे रेड हॅट, डेबियन, उबुंटू यांसारख्या लिनक्सच्या अवताराचा, स्वतःचा इन्स्टॉलर करतो. सर्व्हर नेटवर्कवरून बूट होतो, डीएचसीपीकडून त्याला आयपी पत्ता आणि बूट फाइलचा ठावठिकाणा मिळतो, ती फाइल पुढे कर्नल (ओएसचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला मेमरीत उतरणारा तात्पुरता फाइलसंच) खेचते, आणि इन्स्टॉलर सुरू झाला की एरवी माणसाने दिली असती ती उत्तरे तो एका फाइलीतून वाचतो. रेड हॅटच्या कुळात ही फाइल किकस्टार्टची असते, डेबियनमध्ये प्रीसीडची, सुसेमध्ये ऑटोयास्टची. उबुंटू सर्व्हरने 20.04 पासून प्रीसीडची वाट सोडून यामल स्वरूपातली ऑटोइन्स्टॉल पद्धत धरली. विंडोजमध्ये हेच काम अनअटेंड नावाची एक्सएमएल फाइल करते. कॉबलर आणि फोरमन या फाइली साच्यांतून तयार करून योग्य मशीनला वाढतात, पण फाइलीतला एक चुकीचा शब्द दोघांकडेही तितकाच चुकीचा राहतो. म्हणून माझा पहिला सल्ला टूलबद्दल नसतोच: आधी एका मशीनवर हाताने ओएस टाका, रेड हॅट कुळातले असेल तर इन्स्टॉलरने रूट या मुख्य वापरकर्त्याच्या घरात ठेवलेली 'अ‍ॅनाकोंडा-केएस' ही फाइल उघडा, आणि तिच्यापासून स्वतःची किकस्टार्ट फाइल घडवा. ही फाइल एका मशीनवर बिनबोभाट चालत नाही तोवर टूलची तुलना करण्यात अर्थ नाही.

आता डीएचसीपी. मोठ्या संस्थांत तो नेटवर्क सांभाळणाऱ्या गटाच्या हातात असतो आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या गटाला त्यात एक ओळही घालता येत नाही. अशा ठिकाणी मास बसवायला गेलात, तर पहिले काही आठवडे टूलऐवजी बैठकांत जातील, कारण मासला डीएचसीपी स्वतःकडे असलेला आवडतो आणि बाहेरच्या डीएचसीपीवर चालवले, तर त्याची बरीचशी सोय निघून जाते. यावर फारशी चर्चा न होणारा एक उपाय आहे. डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्राम प्रॉक्सी म्हणून चालवता येतो. तो आयपी पत्ते वाटत नाही, ते मूळ डीएचसीपीच वाटतो, आणि हा फक्त बूट फाइल कुठे आहे एवढेच शेजारून सांगतो. तेवढीही मुभा नसेल, तर सर्व्हरच्या बीएमसीमधून, म्हणजे मुख्य यंत्रणा बंद असतानाही जागा असणाऱ्या नियंत्रकातून, आयएसओ फाइल आभासी डिस्क म्हणून जोडता येते. डीएमटीएफ या संस्थेने 2015 साली आणलेल्या रेडफिश या मानकामुळे हे स्क्रिप्टमधून करता येते, आणि तिथे बूटसाठी डीएचसीपीचा संबंधच येत नाही. वेग मात्र कमी असतो, आणि प्रत्येक उत्पादकाचे रेडफिश थोडे थोडे वेगळे वागते हे गृहीत धरूनच चालावे.

नेटवर्कच्या लोकांशी एरवीही बोलावेच लागते. स्विचच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये वेढे बनू न देणारी व्यवस्था) जुन्या पद्धतीने चालू असेल, तर तार जिवंत झाल्यापासून पोर्ट प्रत्यक्ष वाहतूक सोडेपर्यंत सुमारे 30 सेकंद जातात, आणि तेवढ्यात काही नेटवर्क कार्डांचे बूट रॉम, म्हणजे कार्डातलाच बूट प्रोग्राम, डीएचसीपीची वाट पाहून थकलेले असते. पोर्टला एज पोर्ट (पलीकडे स्विच नव्हे, मशीनच आहे असा पोर्ट) ठरवले की हा त्रास संपतो. दोन तारा एलएसीपीने, म्हणजे त्यांना एकच जोडणी म्हणून चालवणाऱ्या पद्धतीने, बांधलेल्या असतील तर आणखी एक गाठ पडते: बूट रॉमला बहुधा एलएसीपी कळत नाही, म्हणून ओएस येईपर्यंत एक तार एकटीने चालू द्यावी असे स्विचला सांगून ठेवावे लागते. यांतले काहीही कोणतेही टूल तुमच्यासाठी करून देत नाही, आणि टूल बिघडले म्हणून जी तक्रार होते, तिच्या मुळाशी कित्येकदा हेच असते.

फाइल पोहोचवण्याच्या वाटेबद्दल माझे मत पक्के आहे: टीएफटीपी या जुन्या, साध्या फाइल पाठवण्याच्या पद्धतीवर पहिली छोटी फाइल तेवढी ठेवावी, बाकी सगळे एचटीटीपीवर. टीएफटीपी मुळात 512 बाइटचा एक तुकडा पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो, मग पुढचा तुकडा पाठवतो. 60 एमबीच्या इनिटआरडीसाठी असे सव्वा लाखाच्या आसपास हेलपाटे होतात. शिवाय तुकड्यांचा क्रमांक 16 बिटांचा असल्यामुळे, तुकड्याचा आकार वाढवण्याची सोय दोन्ही बाजूंना नसेल आणि क्रमांक पुन्हा शून्यापासून मोजणेही जमत नसेल, तर सुमारे 32 एमबीपाशी गाडी अडते. टीएफटीपीने फक्त आयपीएक्सई हा बूट प्रोग्राम द्यावा आणि कर्नल, इनिटआरडी, उत्तरांची फाइल हे सारे त्याने वेब सर्व्हरवरून घ्यावे. नव्या यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेले फर्मवेअर) मशीनमध्ये थेट एचटीटीपी बूट असते, तिथे टीएफटीपीला पूर्ण रजा देता येते. सिक्युअर बूट चालू ठेवायचे असेल, तर बूट फाइलवर डिजिटल सही असावी लागते, हे मात्र आधीच तपासावे.

आणि आता यादी, म्हणजे माझ्या मते सगळ्या निवडीचे मूळ. आयपीएक्सईला मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) आणि अनुक्रमांक दोन्ही कळतात. त्यांतला एक वेब पत्त्यात (यूआरएलमध्ये) घालून तो वेब सर्व्हरला विचारू शकतो, की मी अमुक मशीन, मी काय करू? या प्रश्नाचे उत्तर जिथून येते ती जागा म्हणजे तुमचे खरे टूल. वीस-पंचवीस मशीन असतील आणि सगळी एकाच साच्याची, तर ती जागा म्हणजे एनजीनेक्स या वेब सर्व्हरच्या डिरेक्टरीत प्रत्येक अनुक्रमांकाच्या नावाची एक फाइल आणि त्या साऱ्या फाइली बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये, इतके पुरते. मी मॅकपेक्षा अनुक्रमांक पसंत करतो, कारण नेटवर्क कार्ड बदलले की मॅक बदलतो, तर अनुक्रमांक मशीनच्या लेबलवर आणि खरेदीच्या कागदांवर तोच राहतो.

मशीनचे प्रकार वाढले, हाताळणारी माणसे वाढली, की फाइलींची ही मांडणी अपुरी पडते. कॉबलर ही त्यापुढची पायरी आहे: वितरण, प्रोफाइल आणि सिस्टम अशा तीन पातळ्यांवर तो माहिती ठेवतो आणि त्यातून बूटची व उत्तरांची फाइल तयार करतो. तो मायकेल डिहान यांनी लिहिला, ज्यांनी पुढे 2012 मध्ये मशीनची मांडणी लावणारे अ‍ॅन्सिबल आणले, आणि दोन्हींतला साधेपणा एकाच हातचा वाटतो. फोरमन यापेक्षा बराच जड आहे. तो डीएचसीपी, डीएनएस आणि टीएफटीपी यांना आपल्या प्रॉक्सींमार्फत चालवतो, अनोळखी मशीन बूट झाले तर त्याची माहिती गोळा करून यादीत टाकतो, आणि कोणाला काय करता येईल याचे अधिकारही सांभाळतो. तो सांभाळायला मात्र कोणीतरी नेमलेले असावे लागते. अर्धवेळ लक्ष देऊन फोरमन नीट चालताना मी फारसा पाहिलेला नाही. मासची रीत वेगळी. तो इन्स्टॉलरला पॅकेज बसवायला लावण्याऐवजी ओएसची तयार प्रतिमा (इमेज) डिस्कवर उतरवतो आणि प्रत्येक मशीनला 'तयार', 'वाटलेले', 'चढवलेले' अशा अवस्थांतून नेतो. उबुंटू हेच मुख्य वितरण असेल आणि मशीन वारंवार परत घेऊन दुसऱ्याला द्यायची असतील, तर मासइतके सोयीचे क्वचितच काही मिळेल. एकदा ओएस टाकून पाच वर्षे हात लावायचा नसेल, तर त्या अवस्थांचा उपयोग काय?

डेबियनवाल्यांनी एफएआयकडे दुर्लक्ष करू नये. कोलोन विद्यापीठात 1999 पासून वाढलेले हे टूल मशीनला वर्ग नेमून देते आणि वर्गांच्या बेरजेतून प्रत्येकाची मांडणी ठरवते. संगणकीय क्लस्टरसाठी वेअरवुल्फसारखी टूल ओएस डिस्कवर न ठेवता प्रत्येक बूटला मेमरीत उतरवतात. ओपनस्टॅक ही क्लाउड उभारण्याची प्रणाली आधीपासून असेल तर तिच्यातले आयर्निक आपसूकच समोर येते. केवळ ओएस टाकण्यासाठी ते उभारू नये.

टूल कोणतेही घ्या, एक जागा डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते, ती म्हणजे डिस्क. ओएससाठी दोन छोट्या एसएसडी आणि डेटासाठी बारा मोठ्या डिस्क असलेला सर्व्हर समोर आणा. किकस्टार्टमध्ये 'क्लिअरपार्ट ऑल' ही ओळ आहे, पण फक्त अमुक डिस्क वापर असे सांगणारी 'इग्नोअरडिस्क'ची ओळ नाही. नव्या मशीनवर यातून काहीच बिघडत नाही. दोन वर्षांनी त्याच मशीनवर ओएस नव्याने टाकली, की बाराही डिस्कवरची विभागणी पुसली जाते, आणि मशीन स्टोरेजच्या सामायिक डिस्कशी जोडलेले असेल तर तीही सुटत नाही. 'एसडीए' हे लिनक्स सहसा पहिल्या डिस्कला देते ते नाव सांगूनही भागत नाही, कारण बीएमसीची आभासी डिस्क किंवा विसरलेला पेनड्राइव्ह ते नाव पटकावू शकतो. डिस्कच्या अनुक्रमांकावरून बनलेले नाव प्रत्येक मशीनवर वेगळे असते. कंट्रोलरवरची जागा सांगणारे 'बाय-पाथ' नाव एकाच मॉडेलच्या सगळ्या मशीनवर सहसा सारखे येते, म्हणून साच्यात ते बरे. उबुंटूच्या ऑटोइन्स्टॉलमध्ये 'सर्वांत लहान डिस्क' असेही सांगता येते, आणि वरच्यासारख्या मशीनवर ते छान जमते.

याला लागूनच दुसरे पथ्य. बूटच्या क्रमात नेटवर्क पहिले असेल आणि सर्व्हरला दर वेळी इन्स्टॉलरच मिळत असेल, तर मशीन ओएस टाकून रीबूट होते आणि पुन्हा ओएस टाकू लागते. कॉबलरमध्ये यासाठी 'एकदाच' अशी सेटिंग आहे. स्वतःची मांडणी असेल, तर इन्स्टॉल संपताना मशीनने वेब सर्व्हरला कळवावे आणि त्यानंतर 'डिस्कवरून बूट हो' एवढेच उत्तर त्याला मिळावे. मला त्याहून पसंत असलेली पद्धत म्हणजे डिस्कच पहिली ठेवणे आणि ओएस टाकायची असेल तेव्हाच रेडफिशमधून फक्त पुढच्या एका बूटसाठी नेटवर्क निवडणे. तसे केले, की वीज जाऊन आल्यावर सगळी मशीन एकदम इन्स्टॉलरच्या दारात उभी राहत नाहीत.

गुपितांबद्दल थोडक्यात: उत्तरांची फाइल साध्या एचटीटीपीवर असते आणि त्या नेटवर्कवरचा कोणीही ती वाचू शकतो. तिच्यात रूटच्या पासवर्डचा हॅश (त्याचे सांकेतिक रूप) ठेवण्यापेक्षा रूट बंद ठेवून एसएसएचची सार्वजनिक की घालावी, आणि इन्स्टॉलचे नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे स्विचवर वेगळ्या काढलेल्या नेटवर्कमध्ये, असावे. पॅकेज, सेवा, वापरकर्ते हे सगळे किकस्टार्टच्या शेवटच्या स्क्रिप्टमध्ये कोंबू नये; ती स्क्रिप्ट पुन्हा चालवता येत नाही, अ‍ॅन्सिबल चालवता येते. पॅकेजचा आरसा (मिरर, म्हणजे त्यांच्या साठ्याची प्रत) स्थानिक ठेवावा आणि हिशेब आधीच करावा: 100 मशीनना प्रत्येकी 2 जीबी द्यायचे तर 200 जीबी होतात, आणि 1 गिगाबिटची तार ते पोहोचवायला जवळपास अर्धा तास घेते. म्हणून ती मशीन टप्प्याटप्प्याने सोडावीत, किंवा आरशाला जाड तार द्यावी.

इतके ऐकूनही कोणी नावच मागितले, तर मी असे सांगतो. मशीन मोजकी आणि एकसारखी असतील, तर आयपीएक्सई, एनजीनेक्स आणि गिट. वितरणे दोन-तीन असतील पण माणसे थोडी, तर कॉबलर. उबुंटूवर मशीन सतत फिरवायची असतील आणि डीएचसीपी तुमच्याकडे असेल, तर मास. रेड हॅटच्या कुळातली पुष्कळ मशीन, अनेक गट आणि टूल सांभाळायला नेमलेले माणूस असेल, तर फोरमन. निवड कायम करण्यापूर्वी मात्र आभासी मशीनवरच्या चाचणीवर विसंबू नका, कारण तिथे ना एलएसीपी असते, ना बीएमसी, ना बारा डिस्क. जुन्या साठ्यातला, डेटाच्या डिस्कवर खुणेच्या फाइली ठेवलेला एक खरा सर्व्हर घ्या, तो त्याच्या नेहमीच्या स्विचच्या पोर्टवर राहू द्या, आणि कीबोर्ड वा मॉनिटर न जोडता त्याच्यावर लागोपाठ दोनदा ओएस टाकून पाहा. दुसऱ्या खेपेनंतर खुणेच्या फाइली जागेवर आहेत का, हे आधी तपासा.