खिळे ठोकलेल्या खिडक्या

क्यूबाचे जुने चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहते हे कळले की एक प्रश्न हमखास येतो, आणि तुम्हीही तोच विचारलात: सरकारी पैशातून निघालेल्या चित्रपटांत प्रचाराखेरीज दुसरे काय असणार?

शंका अगदीच निराधार नाही. १९५९ च्या जानेवारीत क्रांती यशस्वी झाली आणि मार्च संपण्यापूर्वी ‘इकाइक’ ही सरकारी चित्रपटसंस्था उभी राहिली. १९६१ मध्ये हवानाच्या रात्रीच्या मौजमजेचे चित्रण करणाऱ्या ‘पी. एम.’ या लघुपटावर बंदी आली. पाठोपाठ, क्रांतीच्या आत सर्व काही, क्रांतीच्या विरोधात काही नाही, असे फिदेल कास्त्रो यांनी लेखक-कलावंतांना बजावले. आत काय आणि बाहेर काय, हे ठरवणारेही अर्थात तेच.

तरीही याच संस्थेतून १९६८ मध्ये दिग्दर्शक तोमास गुतिएरेस आलेआ यांनी ‘मेमरीज ऑफ अंडरडेव्हलपमेंट’ या चित्रपटात सेर्खिओ नावाचा नायक उभा केला. बायको आणि आईवडील मायामीला निघून गेल्यावर तो हवानात एकटाच मागे राहतो आणि गच्चीवरच्या दुर्बिणीतून बदलते शहर न्याहाळतो. त्याला जुन्या जगाचा उबग आलेला आहे, पण नव्यात उतरण्याचे बळही त्याच्यात नाही. प्रचारपटाने त्याला खलनायक करून टाकले असते. इथे मात्र प्रेक्षकाला जवळजवळ सारा चित्रपट त्याच्याच नजरेने पाहावा लागतो.

मला अधिक जवळचा वाटतो तो त्याच वर्षीचा, उम्बेर्तो सोलास यांचा ‘लुसिया’. १८९५, १९३२ आणि साठचे दशक अशा तीन काळांत लुसिया नावाच्या तीन स्त्रिया येतात. तिसरी लुसिया शेतमजूर आहे. तिचा नवरा तोमास स्वतःला क्रांतीचा पाईक म्हणवतो आणि लग्नानंतर बायकोचे काम बंद करून, खिडक्यांना खिळे ठोकून, तिला घरात डांबतो. साक्षरता मोहिमेतला तरुण शिक्षक हवानाहून घरी येतो, तेव्हा तोमासचा अगदी जळफळाट होतो. (१९६१ च्या त्या मोहिमेत सुमारे सात लाख माणसे लिहायला-वाचायला शिकली.) तोमासच्या मत्सराची टिंगल ‘ग्वान्तानामेरा’ या क्यूबातल्या लोकप्रिय गाण्याच्या चालीवर गायली जाते, त्यामुळे आपण हसतो खरे, पण खिळे दिसतच राहतात. लुसिया अक्षरे गिरवते, आणि एके दिवशी नव्याने शिकलेल्या त्याच अक्षरांत ‘मी जाते, मी गुलाम नाही’ एवढीच चिठ्ठी लिहून निघून जाते.

घरकामाचा भार नवऱ्यानेही उचलावा, हे क्यूबाच्या कायद्यात १९७५ मध्ये आले, म्हणजे चित्रपटानंतर सात वर्षांनी. जमीन सरकारला वाटता आली, पण तोमासच्या हातातला हातोडा काढून घेणारा हुकूम कोणालाच काढता आला नव्हता, आणि हे सरकारी पैशाने सांगण्याची मुभा सोलास यांना मिळाली.

शेवटी मिठागरात काम करणारी लुसिया नवऱ्याकडे परतते, पण काम सोडणार नाही म्हणते. तो ऐकत नाही, आणि दोघे वाळूत झोंबत राहतात. ते भांडण एक लहान मुलगी दुरून पाहते, हसते आणि आपल्या वाटेने चालू लागते.