गॉडफादरच्या डोंगरी गावांत एक दिवस : साव्होका आणि फोर्त्सा दाग्रो

आमच्या दाजींना 'गॉडफादर' हा माफिया कुटुंबावरचा इंग्रजी चित्रपट तोंडपाठ आहे. सोलापुरात व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून रात्र जागवायची पद्धत होती, तेव्हापासूनचं त्यांचं हे वेड, आणि ते मला त्यांच्याकडूनच लागलं. न्यूयॉर्कमधल्या गोळीबारापेक्षा आम्हा दोघांना त्यातली सिसिली, म्हणजे इटलीचं ते बेट, जास्त आवडायची. माफिया डॉनचा मुलगा मायकेल लपायला बापाच्या मुलखात जातो, दोन रखवालदार घेऊन दगडी कुंपणांमधून हिंडतो, एका मुलीला बघतो आणि जागीच थबकतो, तो सगळा भाग. त्यामुळे भाचा म्युनिकला नोकरीला लागला आणि 'या एकदा सगळे' म्हणाला, तेव्हा दाजींचा पहिला प्रश्न होता, "तिथनं सिसिली किती लांब बे?"

म्युनिकहून सिसिलीतल्या कातानिया शहराचं थेट विमान दोनेक तासांत पोचतं. मग आम्ही चौघांनी ठरवलंच : दाजी, अक्का, मी आणि माझी बायको.

आधी व्हिसाचं सांगतो, कारण घरातून निघण्याआधी सगळ्यात जास्त डोकं तिथेच लागतं. जर्मनी आणि इटली दोन्ही शेंगेन देश, म्हणजे सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांपैकी, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? नियम असा की ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे. दोन्हीकडे सारखेच दिवस असतील, तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. आमचा मुक्काम भाच्याकडे जास्त, म्हणून अर्ज जर्मनीचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो दिलेला असावा लागतो. मोठ्यांची फी ९० युरो, शिवाय व्हिसा केंद्राचा सेवा आकार. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, भाच्याचं निमंत्रणपत्र आणि सिसिलीतल्या हॉटेलचं बुकिंग अशी फाईल करून आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालो, सकाळी मुंबईत बोटांचे ठसे दिले आणि परतीची गाडी पकडली. हे ठसे ५९ महिने ग्राह्य धरले जातात. अक्काची बोटं भाकरी थापून थापून गुळगुळीत झालेली, मशीन घेईना. तिथल्या मुलीने घाई न करता हात पुसायला लावून परत परत ठसे घेतले. त्या मुलीचे मला आजही आभार मानावेसे वाटतात.

टूर निवडायचं काम मी दाजींवर सोपवलं होतं आणि ते बरं झालं. 'गॉडफादर टूर' नावाने नेटवर ढीगभर सहली दिसतात. बहुतेक तावरमीना किंवा जार्दिनी नाक्सोस या पूर्व किनाऱ्यावरच्या गावांहून निघतात, काही मेसिनाच्या बंदरावरून क्रूझच्या प्रवाशांसाठी असतात. दाजींनी एकेकाचा तपशील शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. एका सहलीचं नाव मोठं आणि फोटो दोन्ही गावांचे, पण आत लिहिलेलं की थांबा फक्त साव्होकाला, दुसरं गाव 'वेळ मिळाल्यास'. ती बाद केली. आम्ही घेतलेल्या सहलीत दोन्ही गावं, लहान गाडी, इंग्रजी बोलणारी गाईड आणि गावातच जेवण असं होतं. माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या बसची सहल घेऊच नये. त्या घाटवळणांवर मोठी बस जिथे थांबते, तिथून बरंच चालावं लागतं आणि पन्नास माणसं एका छोट्या चौकात उतरली की काही दिसत नाही.

आम्ही ऑक्टोबरात गेलो. ऊन सोलापूरकरांना जाणवण्यासारखं नव्हतंच. सकाळी जार्दिनी नाक्सोसहून निघालो, उजव्या हाताला आयोनियन समुद्र आणि मागे एटना. ३,३०० मीटरहून जास्त उंचीचा हा ज्वालामुखी अजून जागा आहे आणि त्या दिवशी त्याच्या तोंडातून बारीक पांढरा धूर निघत होता. गाईड मेसिनाची, चाळिशीतली बाई. तिने गाडीतच पहिला धक्का दिला : तुम्ही आज कोर्लिओनला, चित्रपटातल्या त्या कुटुंबाच्या मूळ गावी, जात नाही आहात.

खरं कोर्लिओन बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पालेर्मोच्या दक्षिणेला आहे. १९७१ साली दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला चित्रीकरणासाठी आले, तोवर ते गाव बरंच नवं झालेलं होतं. त्यांना हवी होती विसाव्या शतकाच्या मध्यातली सिसिली : दगडी घरं, चिंचोळे बोळ, चर्चसमोरचं अंगण. ती त्यांना पूर्व किनाऱ्यावरच्या या डोंगरांवर सापडली. मुख्य रस्ता आणि रेल्वे खाली समुद्रालगत गेलेली, वस्ती आणि बाजार तिकडे वाढला, वरची गावं होती तशी राहिली. पडद्यावर आपण कोर्लिओन म्हणून बघतो, ती ही गावं.

साव्होका साधारण ३०० मीटर उंचीवर आहे. सांता तेरेसा दी रीवा या किनाऱ्यावरच्या गावातून वळणावळणाचा रस्ता चढतो. कडेला फड्या निवडुंग, थेट आपल्या माळावरचा, पण इथे त्याची लाल-पिवळी बोंडं सोलून आवडीने खातात. अक्का बोंडांकडे बघत म्हणाली, "आपल्याकडं ह्याच्याकडं कोण ढुंकून बघत नाही." गाडी गावाच्या तोंडाशी थांबते आणि तिथेच, चार पावलांवर, बार व्हितेल्ली.

गाईडने आम्हाला लगेच आत जाऊ दिलं नाही. रस्त्यापलीकडे उभं करून टॅबलेटवर तो प्रसंग लावला : मायकेल आणि दोघं रखवालदार टेबलाशी बसलेत, बारच्या मालकाला मुलीचं वर्णन सांगताहेत आणि ती त्याचीच मुलगी निघते. दोनेक मिनिटांचा तुकडा. तो संपल्यावर म्हणाली, "आता मान वर करा." समोर तीच भिंत, तेच दार, दारावर मण्यांचा पडदा, बाहेर वेलीच्या सावलीत टेबलं. दाजी काही बोलले नाहीत. हळूहळू चालत गेले आणि एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

इमारत अठराव्या शतकातली, पालाझ्झो त्रिमार्की नावाची. व्हितेल्ली हे आडनाव चित्रपटातल्या मुलीच्या बापाचं, तेच आज पाटीवर आहे. आत चित्रीकरणाच्या वेळचे फोटो लावलेत. एका फोटोत मायकेल झालेले तरुण अल पचिनो आहेत, आणि मला जास्त आवडलं ते असं की बाकीच्या फोटोंत गावातली माणसं आहेत, चित्रपटातले कपडे चढवून उन्हात थांबलेली. तिथे लिंबाची ग्रानिता घ्यायचीच. आपल्या बर्फाच्या गोळ्याचा बर्फ अगदी मऊसूत, रव्यासारखा केला आणि रंगीत सरबताऐवजी खरा लिंबाचा रस त्यात मुरवला, तर जे होईल ते. दाजींनी दोन घेतल्या.

चौकाच्या कडेला कोपोलांची पोलादी पत्र्यातून कापलेली आकृती आहे, कॅमेऱ्याला डोळा लावलेली. फोटोसाठी तिथे रांग लागते. आम्ही पुढे निघालो.

बारपासून चर्चपर्यंतची वाट चढाची आणि फरसबंदीची. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी ठेवावी आणि चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. चर्च सेंट निकोलसचं. स्थानिक लोक सांता लुचियाचंही म्हणतात. कड्याच्या टोकावर, किल्ल्याच्या बुरुजासारखं उभं. मायकेल आणि त्या बारमालकाच्या मुलीचं, अपोलोनियाचं, लग्न इथलं. गाईडने आम्हाला दारातून खाली जाणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. नवरा-नवरी पुढे, मागे गाव, बँड वाजतोय, सगळे पायी चाललेत. ती वरात याच उतारावरून गेली. "कॅमेरा तिथे होता," तिने हाताने दाखवलं, "आणि ह्या बाजूला विजेच्या तारा होत्या म्हणून तिकडे तो कधीच वळत नाही." एवढ्या वर्षांत मी तो प्रसंग किती वेळा पाहिला असेल, पण कॅमेरा कुठे बघत नाही, हे मला कधी सुचलं नव्हतं. नंतर दिवसभर मी तेच शोधत होतो. गाईडचे पैसे मला या एका वाक्यात वसूल झाले.

तिथून परत खाली समुद्रापर्यंत उतरायचं आणि सांत आलेस्सिओच्या भूशिराजवळून पुन्हा घाट चढायचा. फोर्त्सा दाग्रो आणखी वर, ४०० मीटरच्या पुढे. साव्होकाला चित्रपटाने जगभर नेलं. इथे त्या मानाने गर्दी कमी. दोन्हींत मला हेच गाव जास्त भावलं.

चौकातलं मोठं चर्च 'गॉडफादर'च्या तिन्ही भागांत दिसतं. १९७४ च्या दुसऱ्या भागात लहानग्या व्हितोला, म्हणजे मायकेलच्या बापाला, गाढवावरच्या टोपलीत लपवून गावाबाहेर काढतात आणि गावचा माफिया डॉन चिचो याची माणसं चौकात ओरडून धमकावत असतात, तो चौक हाच. १९९० च्या तिसऱ्या भागातही चित्रपट इथे परत येतो. गाईडने पुन्हा टॅबलेट काढला. चर्चच्या पायऱ्यांवर एक आजोबा बसलेले, ते कौतुकाने आमच्याकडे बघत होते. तिने त्यांच्याशी त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलून मगच आवाज सुरू केला. मला ते फार बरं वाटलं. तो चौक त्यांचा आहे, तिथे रोज संध्याकाळी ते बसतात.

चौकापासून आत गेलं की बोळ इतके अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने दारात शिरावं. अर्धगोल पायऱ्या चढून पंधराव्या शतकातली दगडी कमान लागते, तिच्या मागे त्रिनिता चर्च. सगळ्यात वर नॉर्मन काळातल्या किल्ल्याचे अवशेष, जिथे पुढे गावाने दफनभूमी केली. अक्का आणि बायको चौकातच थांबल्या, आम्ही दोघं चढलो. वरून एका बाजूला एटना, दुसऱ्या बाजूला सामुद्रधुनीपलीकडे इटलीच्या मुख्य भूमीचा कालाब्रिया किनारा दिसतो. इथे आम्हाला वेळ कमी पडला. सहल घेताना या गावाला निदान दीड तास आहे ना, हे विचारून घ्या.

जेवण तिथेच. आमच्यात मांस खाणारा फक्त मी, आणि शाकाहारींची आबाळ होईल अशी धास्ती होती. सिसिलीत ती अजिबात होत नाही, कारण इथे वांग्याला मान आहे. पास्ता आल्ला नोर्मा म्हणजे टोमॅटोचा रस्सा, तळलेली वांगी, वर खारवलेल्या रिकोटा चीजचा कीस. नाव बेल्लिनी यांच्या 'नोर्मा' या ऑपेरावरून पडलं म्हणतात, ते कातानियाचेच. आणि कापोनाता : वांगी, सेलरी, ऑलिव्ह, व्हिनेगर-साखरेची आंबटगोड चव. बायको म्हणाली, "वन्सं, हे भाकरीबरोबर काय लागेल!" अक्काने पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढलीच. गाईडला चाखायला दिली. तिने चटणी पुन्हा मागून घेतली. आरांचिनी या तळलेल्या भाताच्या गोळ्यात मात्र बहुतेकदा खिमा असतो, शाकाहारींनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

परतताना गाडीत दाजींनी 'सैराट'चा विषय काढला. आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात तो झाला आणि नागराज मंजुळे त्याच तालुक्यातल्या जेऊरचे. २०१६ साली चित्रपट आल्यावर आम्हीही गाडी काढून तिकडे गेलो होतो. जागा सापडल्या, पण कुठला प्रसंग कुठे उभा राहिला, कॅमेरा कुठे होता, हे सांगणारं आम्हाला कोणी भेटलं नाही. फोटो काढले आणि परत आलो. कोपोलांना कोर्लिओन दाखवायला दुसरी गावं शोधावी लागली. मंजुळेंनी स्वतःचा मुलूख त्याच्याच रूपात पडद्यावर आणला. ही गोष्ट तर केवढी मोठी! करमाळ्याच्या दोन-चार मुलामुलींनी टॅबलेट घेऊन अशी सहल सुरू केली, तर सोलापुरातून पहिलं बुकिंग आमचं. दाजी हे नुसतं बोलून थांबलेले नाहीत, जेऊरच्या ओळखीच्या एका मास्तरांना त्यांनी फोन केला आहे.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. निघायच्या आदल्या रात्री तिन्ही भागांतले फक्त सिसिलीचे तुकडे पुन्हा बघा, सगळा चित्रपट नको. चर्चमध्ये खांदे झाकलेले असावेत. क्रूझ जहाजं बंदरात असतात त्या दिवशी साव्होकाला उभं राहायला जागा नसते, म्हणून सकाळची पहिली सहल घ्या. मोटारीत बाँबस्फोट होऊन अपोलोनिया जिथे मरते, तो वाडा म्हणजे फ्युमेफ्रेद्दो गावाजवळचा कास्तेल्लो देल्यी स्क्यावी. तो खासगी मालकीचा आहे आणि बहुतेक सहलींत नसतो, आमच्याही नव्हता. तो बघायचाच असेल, तर आत सोडतात की फक्त फाटकातून दाखवतात, हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घ्या.